ओढीचं माप

आमच्या नांदेडच्या कॉलेजात बारडकर मॅडमना मुलं पाठीमागे ‘कशापायी मॅडम’ म्हणायची, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. एकदा एका मुलीने स्टाफरूमच्या दारात चुकून तोंडावरच म्हटलं. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी डोळे अर्धवट मिटले, मान जराशी कलती केली आणि तिलाच विचारलं, “मला शोधून राहिलीस, ते कशापायी?” मुलगी हजेरी कमी भरली म्हणून रडायला आली होती. पण थोड्याच वेळात ती सांगत होती की मानसशास्त्र हा विषय आपण केवळ शनिवार मोकळा मिळतो म्हणून घेतला, आणि घरी मात्र सांगितलं की मन समजून घ्यायचंय. मॅडमना हे उत्तर इतकं आवडलं की त्यांनी तिला चहा पाजला. हजेरीचं तेवढं राहूनच गेलं.

मी त्याच कॉलेजात मराठी शिकवायचे. मॅडम माझ्याहून बऱ्याच मोठ्या, तरी मला ‘सुनंदाबाई’ आणि अहोजाहो. त्यांची खोली गॅलरीच्या टोकाला, खिडकीत कडुलिंब. दुपारचे तास आटोपले की त्या खोलीत एक हिरवट, पेंगुळलेला उजेड साचायचा आणि त्या उजेडात मॅडम कुणाचं तरी ऐकत बसलेल्या असायच्या. ऐकताना त्या डोळे मिटायच्या. चहा निवायचा, त्यावर साय धरायची. नवख्या माणसाला वाटायचं, बाई झोपल्या. माझं मत असं की निम्म्या वेळा त्या खरंच झोपलेल्या असत. पण कोणत्या निम्म्या, ते मला एवढ्या वर्षांत ओळखता आलं नाही. कारण आपण बोलायचं थांबलो की त्या डोळे न उघडता म्हणत, “मग?”

हा ‘कशापायी’ त्या कुणालाही विचारायच्या. भाजीवालीला, रिक्षावाल्याला, प्राचार्यांना. मुदखेडला आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलाचं लग्न होतं, तिथे स्टेजवर आहेराचं पाकीट हातात देता देता त्यांनी नवरदेवाला हळूच विचारलं, लगीन कशापायी करून राहिलास बाबा? मुंडावळ्यांच्या आतून तो बिचारा प्रामाणिकपणे विचार करू लागला. मागे आहेराची रांग थांबली. शेवटी तो म्हणाला, घरचे म्हणले म्हणून. शेजारी नवरी उभी होती, तिने ऐकलं. नवरीच्या मामांनी आमच्याकडे असं पाहिलं की मी मॅडमचा दंड धरून त्यांना सरळ जेवणाच्या पंगतीकडे नेलं. मी चिडले होते. त्या मात्र जिलेबी खाता खाता म्हणाल्या की मुलगा चांगला आहे, खोटं बोलला नाही. पुढे तोच नवरदेव बायकोला घेऊन मॅडमच्या घरी येऊ लागला. दुसऱ्याच दिवशी बायकोने त्याला तोच प्रश्न विचारला होता म्हणे, आणि त्यावर बोलता बोलता दोघांची ओळख झाली.

मॅडमचं म्हणणं साधं होतं. काहीतरी हवं सगळ्यांनाच असतं. डॉक्टर व्हायचंय, नोकरी हवी, फौजेत जायचंय. पण ते हवं कुठून आलंय, हे कुणी बघत नाही. एक हवं भीतीचं असतं, एक लाजेचं. एक लोकांचं हवं असतं, ते आपण नुसतं वागवत असतो. एक पटलेलं असतं, कडू औषधासारखं. आणि एक असतं उगीचचं. त्याला कारण विचारलं तर माणूस गोंधळतो, हसतो, आणि पुन्हा तेच करायला जातो. हे उगीचचं हवं आयुष्यभर टिकतं, असं त्या म्हणायच्या, आणि ते कुणात किती आहे हे मोजता येतं, यावर त्यांचा विश्वास होता. बाहेरच्या देशांत असली मापं आहेत. मॅडमना ती वाचून समाधान नव्हतं. त्यांना आपल्या पोरांसाठी, आपल्या बोलीतली मापनी करायची होती. थोडी वाक्यं, प्रत्येकापुढे पाच चौकटी, आपल्याला लागू पडेल त्या चौकटीत खूण करायची.

हे वेड कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही बसमध्ये, खिडकीकडे बघत. त्यांच्या धाकट्या भावाला घरच्यांनी इंजिनिअरिंगला घातलं होतं. तो मधूनच परत आला आणि कापडाच्या दुकानात बसू लागला. वाईट काही झालं नाही. दुकान चाललं, लग्न झालं, मुलं झाली. फक्त तो बोलायचा कमी झाला तो झालाच. “त्याला जाण्याआधी कुणी इचारलंच न्हाई सुनंदाबाई,” त्या म्हणाल्या, “मीबी न्हाई. मी तर मोठी होते.” एरवी शुद्ध बोलणाऱ्या मॅडम मनातलं बोलताना अशा घरच्या बोलीत उतरायच्या. त्यांना एवढंच पाहिजे होतं, की पोराने दोनचार वर्षं घालवायच्या आधी कुणीतरी त्याला सांगावं, बाबा, हे तुझं आहे किंवा नाही. सगळी मापनी त्यासाठी होती.

मला त्यांनी वाक्यांसाठी धरलं. त्यांचं मूळ वाक्य होतं, ‘माझ्या ध्येयाप्रती मला आंतरिक ओढ जाणवते.’ मी म्हटलं, मॅडम, हे वाक्य उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यासारखं बोलतंय. मग आम्ही दोघी कडुलिंबाच्या खिडकीत बसून ते सोलायचो. त्याचं शेवटी झालं, ‘हे करताना वेळ कुठं गेला कळत नाही.’ एकेका वाक्यावर आमची दुपार जायची. मी पेनाचं टोपण चावत बसायचे, मॅडम डोळे मिटून वाक्य ओठांतल्या ओठांत घोळवायच्या आणि मध्येच म्हणायच्या, हे हिमायतनगरच्या पोरीला कळंल का? मला आता वाटतं, माझ्या नोकरीतल्या सर्वांत सुखाच्या दुपारी त्याच. शिकवण्याचं काम मी नेमाने केलं, पण जीव रमला तो तिथे.

वाक्यं तयार झाली तशी आम्ही गावोगाव फिरू लागलो. भोकरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात पहिल्यांदा मोठ्या वर्गाला मापनी दिली. मॅडमनी फळ्यापाशी उभं राहून समजावलं की ही परीक्षा नाही, यात बरोबर-चूक काही नाही, ज्याचं त्याने मनातलं लिहायचं. मुलांनी मान डोलावली. वर्गात छान शांतता पसरली. संध्याकाळी आम्ही कागद उलगडले तर मागच्या तीन बाकांवरच्या सगळ्यांच्या खुणा एकसारख्या. आम्ही पुन्हा गेलो, विचारलं. एक पोरगा अगदी सरळ मनाने म्हणाला, “मॅडम, ती पहिल्या नंबरची पोरगी हाय ना, तिचं बघून लिहिलं. तिचं चुकत न्हाई कधी.” आपल्याला काय हवंय हेही वर्गातल्या हुशार मुलीचं बघून लिहायचं! मी हसून हसून बेजार झाले. मॅडम हसल्या नाहीत. त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, बरोबर लिहिलंस, आतापर्यंत असंच चालत आलंय.

मग त्यांनी बाकं लांब लांब ठेवायला लावली, तर पोरं ‘पूर्ण सहमत’वर ओळीने खुणा करू लागली, कारण मॅडम एवढ्या उन्हातून आल्या, त्यांना नाही कसं म्हणायचं. मॅडमनी उलट अर्थाची वाक्यं मध्ये पेरली. पोरांनी त्यालाही ‘पूर्ण सहमत’ म्हटलं. अशी वर्षं गेली. बसच्या खिडकीतून सोयाबीन पिवळं पडताना, कापूस फुटताना दिसायचा, मॅडमचं डोकं हळूहळू माझ्या खांद्यावर यायचं आणि मांडीवरची पिशवी घसरू लागली की मी ती धरायचे. मापनी मात्र हळूहळू खरी होत गेली. आता ती बोलायला लागलीय, असं मॅडम म्हणायच्या.

त्यांच्या निवृत्तीच्या जरा आधी लातूरहून बोलावणं आलं. तिथल्या एका मोठ्या क्लासच्या संचालकांनी मॅडमचं व्याख्यान कुठेतरी ऐकलं होतं. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी त्यांच्याकडे सगळ्या मराठवाड्यातून पोरं यायची. त्यांना एक खास तुकडी काढायची होती, आतून पेटलेल्या पोरांची. माणूस हुशार आणि बोलायला गोड. म्हणाला, “मॅडम, आमाला पेट्रोल असलेली गाडी द्या. ढकलायच्या गाड्या लई झाल्या.” खास तुकडीची यादी मॅडमच्या मापनीवरून आणि त्यांच्या सहीने ठरणार होती. मॅडम त्या दिवशी परतताना बसमध्ये झोपल्या नाहीत. अहमदपूरच्या स्टँडवर त्यांनी मला स्वतःहून भजी खाऊ घातली. एवढी वर्षं जे कपाटात पडून होतं ते आता पोरांना लागणार होतं, आणि तेही लातूरला, जिथे त्याची सर्वांत जास्त गरज होती.

एकाच गोष्टीवर त्या ढिल्या पडल्या. मापनी समोर बसवून भरून घ्यायची, असं त्यांचं म्हणणं. संचालक म्हणाले, तासाचा वेळ मोडता येणार नाही, पोरं घरून भरून आणतील. मॅडमनी मान्य केलं.

लातूरला क्लासच्या आजूबाजूला गल्ल्याच्या गल्ल्या खोल्यांच्या आहेत. नवरा गावाकडे शेती बघतो आणि बायको पोराला किंवा पोरीला घेऊन इथे एका खोलीत राहते, दोन वर्षं, तीन वर्षं, नंबर लागेपर्यंत. स्वयंपाक, धुणं, पाणी, पोरगं अभ्यास करतंय तोवर शेजारच्या कुकरची शिट्टीसुद्धा मोठी होऊ न देणं, हे या आयांचं काम. दुपारी साऱ्या गल्लीत आवाज नसतो. बायका दारात बसून पालेभाजी निवडतात, बोलल्या तर कुजबुजत.

मापनी वाटून आठवडासुद्धा झाला नसेल, आम्ही क्लासकडे चाललो होतो तर झेरॉक्सच्या दुकानाबाहेर पाटी दिसली, ‘प्रेरणा मापनी, अपेक्षित उत्तरांसहित.’ मॅडम थबकल्या. आत जाऊन त्यांनी एक प्रत विकत घेतली आणि उन्हात उभ्या राहून वाचली. प्रत्येक वाक्यापुढे कुठे खूण करायची ते ठळक छापलेलं. दुकानदाराने कुण्या सरांकडून नीट करून घेतलेलं असावं, कारण खरोखर तुकडीत घ्यावं अशा पोराचीच उत्तरं होती. मॅडम हसू लागल्या. डोळ्यांना पदर लावून हसल्या, आणि मग त्या प्रतीची घडी घातली. म्हणाल्या, वाक्यं चांगली झाली होती हो आपली.

तरी त्यांनी सगळे कागद तपासले. संचालकांनी दिलेल्या खोलीत पंखा फिरत होता, कागद उडू नयेत म्हणून मी त्यांवर पाण्याच्या बाटल्या ठेवत होते. एकामागून एक तीच उत्तरं. मॅडम बघून बाजूला ठेवत होत्या, चेहऱ्यावर काही नाही. मग एका कागदाशी त्या थांबल्या. त्यावर हळदीचा डाग होता. खुणा कुठे इकडे, कुठे तिकडे, आणि समासात बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं. ‘लोक काय म्हणतील याची भीती वाटते’, यापुढे लिहिलं होतं, ‘आधी वाटायची.’ ‘मी हे वडिलांना आनंद व्हावा म्हणून करते’, याच्यापुढे, ‘त्यांना ठावंच न्हाई.’ आणि ‘हे करताना वेळ कुठं गेला कळत नाही’, इथे पाचव्या चौकटीत मोठी खूण, शेजारी ओळ होती, ‘मुळाचं पाणी शेंड्यापर्यंत कसं चढतं ते वाचलं त्या दिवशी भाजी करपली.’

मॅडमनी तो कागद माझ्यापुढे धरला. “ही,” त्या म्हणाल्या, “ही बघा.” एवढ्या गावांतून, एवढ्या वर्षांत त्यांना असा कागद मिळाला नव्हता. कागदावर नाव होतं आरती, गाव हिमायतनगरजवळचं. संचालकांनी लगेच ते नाव यादीत सर्वांत वर घेतलं. आपल्या नोंदी चाळून ते सहज म्हणाले की बरं झालं, या मुलीचे वडील बजावून गेले होते, यंदा खास तुकडीत लागली तरच पोरगी लातूरला राहील, नाहीतर मायलेकी दोघींना परत नेतो. सही करायच्या आधी आपण मुलीला भेटून येतो, असं मॅडम म्हणाल्या. भेटायची काही गरज नव्हती. त्यांना तिला नुसतं बघायचं होतं.

गल्लीतल्या वरच्या मजल्यावरची खोली. दार आरतीच्या आईने उघडलं. सुमनबाई त्यांचं नाव, किडकिडीत, पदर डोक्यावरून, हाताला पीठ. आम्ही कोण ते कळल्यावर त्यांची धांदल उडाली. आरती कोपऱ्यात सतरंजीवर पुस्तक घेऊन बसली होती, डोळ्यांखाली काळं. मॅडम तिच्याजवळ खाली बसल्या आणि लाडाने विचारलं, झाडात पाणी कसं चढतं गं? आरतीने पाठ केलेलं सगळं सांगितलं, एका सुरात, एकही शब्द न चुकता. मॅडमचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी विचारलं, भाजी करपली तो दिवस कोणता? आरतीने गोंधळून आईकडे पाहिलं.

सुमनबाईंच्या हातातलं उलथणं तव्यावरच राहिलं. मग त्यांनी गॅस बंद केला आणि अपराध्यासारख्या समोर उभ्या राहिल्या. पोरीचे सगळे फॉर्म त्याच भरायच्या. स्कॉलरशिपचा, वसतिगृहाचा, परीक्षेचा, कारण पोरीचा वेळ जायला नको. गल्लीतल्या सगळ्याच आया तसं करायच्या, त्यात लपवण्यासारखं कुणालाच काही वाटत नव्हतं. हाही कागद आला तसा त्यांनी भरला.

“कागदात सगळीकडं ‘मी’ लिहिलं होतं मॅडम,” त्या म्हणाल्या. “पैले दोनतीन पोरीचंच लिहिलं. मग लिहिता लिहिता मी मलाच लिहून बसले.”

सुमनबाई दहावी झालेल्या होत्या. पुढे लग्न. लातूरला आल्यावर आरती डोळे मिटून पडायची आणि त्या तिला जीवशास्त्राचं पुस्तक वाचून दाखवायच्या, उजळणी म्हणून. पोरीला झोप लागली तरी त्या वाचतच राहायच्या. गावात नवऱ्याला हे माहीत नव्हतं, सांगण्यासारखं काही होतं असंही त्यांना वाटत नव्हतं. मॅडमनी विचारलं, पुढं वाचत राहायच्या ते कशापायी? सुमनबाई गोंधळल्या, आणि मग त्यांना हसू आलं. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “काय सांगू? उगीच.”

मॅडमनी डोळे मिटून घेतले. खाली कुणीतरी बादली भरत होतं, त्या पाण्याचा आवाज तेवढा वर येत होता.

निघताना आरती आम्हांला पोचवायला जिन्यापर्यंत आली. दार पुढे ओढून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, यादीतून माझं नाव काढू नका.” मॅडमनी तिला विचारलं की तुला हे आवडतं का. ती म्हणाली, न्हाई. अजिबात गोडी लागत नाही. मागच्या वर्षी सोडूनच द्यायचं होतं.

“मग सोडलं काहून न्हाई?” मॅडमनी विचारलं.

“मी सोडलं की आईला वापस जावं लागतंय,” आरती म्हणाली. “तिथं तिला कोण वाचू देतंय?”

मला तिथेच रडू आलं. मी जिन्याच्या कठड्याकडे तोंड केलं. मॅडमनी आरतीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला, मग पायऱ्या उतरू लागल्या. उन्हात आल्यावर म्हणाल्या, या पोरीचं हवं कोणत्या चौकटीत घालायचं ते मला माहीत नाही. भीतीचं नाही, लाजेचं नाही, लोकांचंही नाही. आपण तशी चौकटच केली नाही.

संध्याकाळपर्यंत सही द्यायची होती. संचालकांच्या कचेरीबाहेरच्या बाकावर मॅडम यादी मांडीवर घेऊन बसल्या. मी म्हटलं, खरं सांगून टाका, बाकीचे सगळे कागद झेरॉक्सचे आहेत, ही यादीच रद्द करा. त्या म्हणाल्या, रद्द केली तर मार्कांवर निवड होईल, आरतीचे मार्क बेताचे, आणि मायलेकी परवा गावाकडे. मी म्हटलं, पण सही केली तर मापनीचं काय राहिलं? अशा वेळी त्या डोळे मिटायच्या, पण त्या दिवशी त्यांनी ते मिटले नाहीत. नावांकडे बघत राहिल्या. मला वाटतं, त्यांच्या सगळ्या उन्हातल्या वाटा, भोकरची ती मागची तीन बाकं, दुकानात गप्प बसलेला भाऊ, सगळं त्या कागदावर येऊन थांबलं होतं. मग त्यांनी पेन मागितलं आणि सही केली.

बस चाकूर सोडून पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या, “मापात पाप केलं मी, सुनंदाबाई. आता हे माप दुसऱ्या कुणाला लावायचं न्हाई.” आवाजात दुःख होतं, पण पश्चात्ताप नव्हता. तो कागद तर खराच होता, नाव तेवढं दुसरं, असंही पुढे पुटपुटल्या. दुसऱ्या वर्षी संचालकांचे फोन आले, त्यांनी प्रकृतीचं कारण सांगितलं. एका विद्यापीठाने मापनी मागितली, त्यांनाही नाही म्हटलं. मी भांडले. इतक्या दुपारी माझ्याही गेल्या होत्या तिच्यात. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग?

आरतीचा त्या वर्षी नंबर लागला नाही. खास तुकडीत बसूनही लागला नाही, आणि लागणार नव्हता हे मॅडमना, मला आणि आरतीलाही माहीत होतं. वडिलांनी टेम्पो पाठवला. सामान बांधायच्या दिवशी मॅडम मला घेऊन लातूरला गेल्या. डबे, गोधड्या, कुकर, सगळं खाली गेलं, भिंतीपाशी पुस्तकांची चळत राहिली. घरमालकीण म्हणाली की पुढच्या वर्षीच्या पोरांना विकून टाका, लगेच जातील. सुमनबाई हो म्हणणार होत्या. तेवढ्यात आरती म्हणाली, “इकायची न्हाईत. आई वाचंल.” मग तिने ती पुस्तकं स्वतः गोधडीत गुंडाळली आणि टेम्पोत आईच्या पायांशी नीट रचली. सुमनबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मुलगी इतके दिवस कुणासाठी थांबली होती हे त्यांना तेव्हाच कळलं असावं.

आरती पुढे नांदेडला मॅडमच्याच घरी राहिली, पार्लरचं काम शिकली. आठ वाजेपर्यंत झोपायची आणि मॅडम तिला उठवायच्या नाहीत. त्यांच्या निवृत्त आयुष्यात एवढीच एक मुलगी होती. आणि पुढच्या उन्हाळ्यात मॅडम गेल्या, दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. आरतीनेच मला फोन केला.

पण मला आठवतात त्या त्याआधीच्या थंडीतल्या. नांदेडच्या स्टेशनावर, आदिलाबादकडे जाणाऱ्या गाडीत. कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतून एक जुना सूक्ष्मदर्शक भंगारात निघाला होता. मॅडमनी तो प्राचार्यांकडून रीतसर मागून घेतला होता, स्वतः पुसला होता आणि टॉवेलात गुंडाळून हिमायतनगरला घेऊन चालल्या होत्या. आरतीने मला पाठवलं होतं, मॅडमना एकटीनं जड उचलू देऊ नका म्हणून. मी तो डब्यापर्यंत नेला. त्यांनी तो बाकावर ठेवू दिला नाही, मांडीवरच घेतला.

खिडकीतून मी विचारलं, तिथे जाऊन करणार काय? त्या म्हणाल्या, सुमनबाई दाखवतील ते बघणार. विहिरीचं पाणी बघायचंय म्हणतात, तांदळातला किडा बघायचाय, कांद्याची साल बघायचीय. लई काय काय काढून ठेवलंय त्यांनी. मी थट्टेने म्हटलं, म्हणजे पुन्हा माप काढायचं तर.

“न्हाई हो,” मॅडम म्हणाल्या. “आता नुसतं त्यांच्या शेजारी बसून बघायचं.”

गाडी हलली. मी हात हलवला. डबा पुढे सरकत गेला, खिडकीत त्यांचा पांढरा अंबाडा दिसत होता. त्यांनी हात केला नाही. दोन्ही हातांनी त्यांनी मांडीवरचा सूक्ष्मदर्शक घट्ट धरला होता, गाडीच्या धक्क्याने त्याची काच हलू नये म्हणून.